मेलबर्नला वर्क अँड हॉलिडे व्हिसावर येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला व्हिसा मिळाला तेव्हा अभिनंदनाचे जितके फोन आले, त्याच्या तिप्पट आता ‘ताई, जरा विचारायचं होतं’ म्हणून येतात. प्रश्न तेच आणि उत्तरंही तीच, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी सांगलीची. २०२५च्या मार्चमध्ये मेलबर्नला उतरले, फुटस्क्रे भागात राहते, कॅफेत काम करते. व्हिसाची फी आणि अटी बदलत असतात, तेवढ्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याची वेबसाइट बघा. बाकीचं इथे आहे.

हा व्हिसा नक्की कसला? स्टुडंट व्हिसासारखाच ना?

अजिबात नाही. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ला लागू झाला, त्यात भारतीय तरुणांसाठी वर्षाला १,००० जागा कबूल झाल्या. पहिली सोडत निघाली २०२४च्या ऑक्टोबरमध्ये. वर्ग ४६२. वय १८ ते ३०, बारावीनंतर निदान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी, खात्यात साधारण ५,००० डॉलर आणि सोबत मूल आणायचं नाही. सोडतीत नाव आलं म्हणजे अर्ज करता येतो, इतकंच. व्हिसा नंतर.

मिळतात बारा महिने. स्टुडंटला कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं, आपल्याला तासांची मर्यादा नाही. पण एकाच मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम चालत नाही आणि शिक्षण चार महिन्यांच्या पुढे घेता येत नाही. तासांची मर्यादा नाही हे मुलाखतीत आपणहून सांगा. भारतीय चेहरा दिसला की समोरचा स्टुडंटच समजतो आणि ‘आठवड्याला किती तास चालतील?’ असं विचारतो. ‘कितीही’ म्हटल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

उतरल्यावर आधी काय करायचं?

सगळे विचारतात काय करायचं, पण खरी मेख क्रमात आहे. सिमकार्ड, बँक, राहायचा पत्ता, टॅक्स फाइल नंबर (आपल्या पॅनसारखा), मग नोकरी. मी पत्ता आणि नंबर यांची अदलाबदल केली आणि ते मला तीन आठवड्यांना पडलं.

झालं असं, की टॅक्स फाइल नंबरचा अर्ज ऑनलाइन आणि फुकट असतो (पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही, बंद करा), आणि तो देशात पाय ठेवल्यावरच करता येतो. नंबर मात्र साध्या टपालाने येतो, त्याला २८ दिवसांपर्यंत लागू शकतात. मी उत्साहात दुसऱ्याच दिवशी हॉस्टेलचा पत्ता घालून अर्ज केला. नवव्या दिवशी खोली मिळाली, हॉस्टेल सोडलं. पाकीट तिकडे गेलं आणि काउंटरमागच्या खोक्यात पडून राहिलं. मी रोज नव्या घराच्या लेटरबॉक्समध्ये हात घालून बघतेय, आत पिझ्झाची पत्रकं! शेवटी हॉस्टेलवर जाऊन ते खोकं स्वतः उपसलं. तळाशी माझं पाकीट होतं, त्यावर कुणीतरी कॉफीचा कप ठेवलेला.

तर, आठ-दहा दिवसांत खोली मिळण्याची शक्यता असेल तर तेवढं थांबा, किंवा कुणा खात्रीच्या ओळखीच्या माणसाचा पत्ता द्या. नंबर नसतानाही काम सुरू करता येतं, पण दिला नाही तर मालकाला सर्वांत वरच्या दराने कर कापावा लागतो.

बँकेचं खातं भारतातूनच ऑनलाइन उघडून ठेवता येतं, इथे शाखेत पासपोर्ट दाखवला की चालू होतं. सहा अंकी बीएसबी (बँक-शाखेचा कोड) आणि खाते क्रमांक पाठ करा, पहिल्याच दिवशी मालक तेच विचारतो.

भारतातला फोन चालेल का?

इथलं थ्रीजी २०२४मध्ये बंद झालं. फोरजीवरून आपत्कालीन ००० नंबर लावता येत नसेल तर असा फोन कंपन्या नेटवर्कवरच घेत नाहीत, आणि परदेशात घेतलेले काही फोन यात अडकतात. निघण्याआधी तुमचं मॉडेल चालतं का ते कंपनीच्या वेबसाइटवर बघून घ्या. शहरात कुठलंही सिम चालतं. पुढे शेतावर जायचा विचार असेल तर टेल्स्ट्राची रेंज सगळ्यांत लांबवर पोचते.

खोली कशी शोधायची? भाडं किती?

आधी गणित. भाडं इथे आठवड्याचं सांगतात. आपण गुणिले चार करतो आणि फसतो. समजा २८० डॉलर आठवड्याला, तर महिन्याला १,१२० नव्हे, १,२१३ पडतात, कारण वर्षात ५२ आठवडे असतात. हा ९३ डॉलरचा फरक मला पहिल्या महिन्याच्या शेवटी कळला, नूडल्स खाता खाता.

आख्खा फ्लॅट एजंटकडून घेण्याच्या फंदात पडू नका. इथला भाड्याचा आणि पगाराचा इतिहास मागतात, तो आपल्याकडे नसतो. शेअर हाउसमध्ये खोली घ्या. फ्लॅटमेट्सची वेबसाइट, फेसबुकवरचे ग्रुप, नाहीतर इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणाच्या मावसभावाची रिकामी खोली. जाहिरातीत स्वतःबद्दल चार खऱ्या ओळी लिहा. किती वाजता उठता, स्वयंपाक करता का, सिगारेट ओढता का. ‘आय ॲम अ डिसेंट पर्सन’ असं लिहून कुणी खोली देत नाही.

डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक डॉलरही पाठवायचा नाही. कार्लटनमध्ये विद्यापीठाजवळ, फोटोत लाकडी फरशी, खिडकीत उन्हाचा तुकडा आणि भाडं निम्मं, अशी एक खोली मलाही सापडली होती. मालक म्हणे परदेशात, किल्ली कुरिअरने पाठवणार, तोवर बॉंड, म्हणजे अनामत भरा. मी पैसे पाठवायच्या बेतात होते. हॉस्टेलमधली आयरिश मुलगी म्हणाली, चल, तो पत्ता तरी बघून येऊ. गेलो. त्या पत्त्यावर दातांचा दवाखाना होता.

ही अनामत बहुधा महिन्याभराच्या भाड्याइतकी असते. व्हिक्टोरिया राज्यात ती मालकाच्या खिशात जात नाही, आरटीबीए नावाच्या सरकारी संस्थेकडे जमा होते आणि तुम्हाला ईमेल येतो. ईमेल आला नाही तर विचारा, लाजू नका. शेअर हाउसमध्ये ‘आमच्यात असंच चालतं’ म्हणून रोख मागणारे भेटतात. द्यावेच लागले तर पावतीवर सही घ्या. खोलीत शिरलात त्या दिवशी भिंतीवरचे डाग, गालिच्यावरचं इस्त्रीचं भोक, सगळ्याचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. सोडताना उपयोगी पडतात.

जागा कुठली? शहराच्या मधोमध महाग आणि खोल्या काडेपेटीएवढ्या. टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुककडे आपली माणसं भरपूर, घरं मोठी, पण कॅफेची शिफ्ट सकाळी साडेसहाला सुरू होते तेव्हा तिथून निघायचं कधी? मला फुटस्क्रे बरं पडलं. ट्रेनने मध्य शहरातलं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन जवळ, बाजार स्वस्त, व्हिएतनामी दुकानांत मिरच्या आपल्याइतक्या तिखट.

फोडणी दिली की अलार्म वाजतो म्हणतात, खरं का?

खरं. माझ्या पहिल्याच रविवारी पोह्यांसाठी मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची पडली आणि छतावरचा तो पांढरा डबा असा काही किंचाळला की खालच्या मजल्यावरचा कुत्राही सामील झाला. मी सवयीने धावत जाऊन फ्लॅटचं दार उघडायला गेले. हाउसमेट अंगावर टॉवेल गुंडाळून बाथरूममधून ओरडत आला, ‘दार नको! दार नको!’

कारण असं, की फ्लॅटमधला डबा फक्त तुमच्यापुरता वाजतो. दार उघडलं की धूर बाहेरच्या बोळात जातो, तिथला अलार्म इमारतीचा असतो आणि तो बहुतेक ठिकाणी थेट अग्निशमन दलाला जोडलेला. बंब येतो, सगळी इमारत पायजम्यात रस्त्यावर उभी राहते, आणि खोट्या अलार्मचं बिल इमारतीकडे येतं, तिथून तुमच्याकडे. म्हणून दार बंद, खिडक्या उघड्या, चिमणीचा पंखा आधी चालू, मग तेल. डब्यावर शॉवर कॅप चढवायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. आग खरी लागली तर तोच डबा कामाचा.

त्या दिवशीचे पोहे हाउसमेटने दोनदा मागून घेतले. आता रविवारी तोच विचारतो, खिडकी उघडू का?

सोबत काय आणू? आई लोणची भरतेय.

विमानात एक कार्ड भरायला मिळतं. त्यात खाण्याचं जे काही असेल ते ‘हो’ म्हणून लिहायचं. लिहिलेलं जप्त झालं तर नुसतं जप्त होतं. लपवलेलं सापडलं तर दंड होतो, प्रकरण व्हिसापर्यंतही जाऊ शकतं. पेढे, खव्याची बर्फी, पनीर आणू नका, आपल्याकडच्या जनावरांतल्या लाळ्या-खुरकतामुळे दुधाच्या वस्तूंवर ते फार कडक आहेत. ताजा कढीपत्ता, फळं, बिया नकोच. दळलेला मसाला कंपनीच्या बंद पाकिटात असला की बहुधा सोडतात. माझं मेतकूट त्या अधिकारीणबाईंनी उघडून हुंगलं, ‘इट्स लाइक नट्स?’ म्हणाल्या आणि परत दिलं.

कुकर आणा, पण इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा. पोळपाट-लाटणं आणा. जाड कोट मात्र तिथे विकत घेऊ नका, इथे ऑप शॉपमध्ये म्हणजे जुन्या कपड्यांच्या दानदुकानात दहा-पंधरा डॉलरला चांगला मिळतो. मेलबर्नच्या हवेबद्दल चारी ऋतू एका दिवसात असं म्हणतात, ते खरंच आहे. सकाळी आठला कानटोपी, दुपारी दोनला सनस्क्रीन, पाचला छत्री उलटी.

काम किती दिवसांत लागतं?

मला साडेतीन आठवडे लागले. माझ्यासोबत उतरलेल्या एकीला पाच दिवसांत, एकाला दोन महिने.

हॉटेल-कॅफेसाठी सीव्ही एका पानाचा. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव काढून टाका. इंजिनिअरिंगचे मार्क कुणी बघत नाही, ‘शनिवार-रविवार उपलब्ध’ ही ओळ मात्र बघतात. तो छापून सकाळी दहा ते अकरा किंवा दुपारी दोननंतर कॅफेत जा. बाराला गेलात तर हाकलतील, तेव्हा गर्दी असते. तीनपर्यंत बरेच कॅफे बंदही होतात. दारू वाढायची असेल तर व्हिक्टोरियाचं आरएसए प्रमाणपत्र लागतं, बांधकामावर व्हाइट कार्ड.

कॉफी शिकून या, निदान दूध फेसाळवायला. हे शहर कॉफीच्या बाबतीत आपल्या पुण्याच्या चहावाल्यांइतकंच हेकट आहे. फ्लॅट व्हाइट, लाँग ब्लॅक सगळीकडे, पण ‘मॅजिक’ खास इथली: डबल रिस्ट्रेटोवर (कमी पाण्यात काढलेल्या कडक कॉफीवर) दूध, पाऊण कप भरून. पहिल्या दिवशी कुणी ‘वन मॅजिक प्लीज’ म्हणालं आणि मी हसले. ते हसले नाहीत.

ट्रायल शिफ्ट फुकट करायची का?

कौशल्य दाखवण्यापुरती, थोडा वेळ, कुणी बघत उभं असताना. दोन कॉफ्या करून दाखवा, तीन थाळ्या उचलून दाखवा. त्यापुढे तुम्ही कामगार, आणि पैसे लागू. मला एका कॅफेत शनिवारच्या ऐन गर्दीत सात ते एक राबवलं, त्यातले चार तास भांडी. ‘ग्रेट, कळवतो’ म्हणाले. कळवलं नाही. मी फेअर वर्क ऑम्बुड्समनच्या (कामगारांच्या हक्कांचं सरकारी कार्यालय) वेबसाइटवरचा नियम वाचला, तारीख आणि तास लिहून सभ्य ईमेल टाकला, आठवड्याने पैसे आले. नोकरी अर्थात आली नाही.

१ जुलै २०२५ला किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं. कॅज्युअल, म्हणजे कायम नोकरीत नसाल तर त्यावर २५ टक्के जादा, म्हणजे ३१.१९, कारण पगारी रजा मिळत नाही. रविवार आणि सुट्टीच्या दिवशी आणखी. पगाराची स्लिप मिळायलाच हवी. ‘आपलाच माणूस’ म्हणून १५ डॉलर रोख देणारे आपल्याच भाषेत बोलतात, हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण सांगणं भाग आहे. एबीएन (व्यवसायाचा नोंदणी क्रमांक) काढून आण म्हणाले तरी सावध. ते धंदा करणाऱ्याचं असतं, टेबलं पुसणाऱ्याचं नाही.

कर किती कापतात? सगळा परत मिळतो का?

आपल्या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के, वर्षाच्या ४५,००० डॉलर कमाईपर्यंत. सगळा परत मिळतो ही अफवा आहे. आर्थिक वर्ष जुलै ते जून.

मालक पगाराव्यतिरिक्त १२ टक्के सुपरमध्ये भरतो, आपल्या प्रॉव्हिडंट फंडासारखं. देश सोडून व्हिसा संपल्यावर ते मागता येतं, पण आपल्या व्हिसावाल्यांचे त्यातले ६५ टक्के सरकार ठेवून घेतं. उरलेल्याला हक्काचं म्हणा आणि मागा. खातं एकच ठेवा, दर नोकरीला नवं उघडू नका.

‘इंजिनिअर होऊन लोकांची भांडी घासणार का?’ (हा प्रश्न बहुधा काकांचा असतो)

हो, काका.

ट्राम-ट्रेनचं कसं?

मायकी कार्ड घ्या, चढताना टच ऑन करा. शहराच्या मध्यभागी आणि डॉकलंड्सच्या पट्ट्यात ट्राम फुकट असते, तिथल्या तिथे फिरताना कार्ड टेकवूच नका. पट्ट्याबाहेर जाणार असाल तर मात्र टेकवा, साध्या कपड्यांतले तपासनीस असतात. दिवसाला एका रकमेपलीकडे पैसे कापत नाहीत, शनिवार-रविवारी ती रक्कम आणखी कमी. विमानतळाला ट्रेन नाही. स्कायबस सदर्न क्रॉस स्टेशनला सोडते. पैसे वाचवायचे तर ९०१ नंबरची बस ब्रॉडमेडोजला नेते, तिथून ट्रेन, पण दोन बॅगा असतील तर हा काटकसरीचा मोह नको.

गाडी चालवणार असाल तर आपल्यासारखंच डावीकडून. फक्त मध्य शहरात हुक टर्न आहे: उजवीकडे वळायला डाव्या कडेला जाऊन थांबायचं आणि सिग्नल बदलता बदलता वळायचं, ट्राम अडू नये म्हणून. पहिल्यांदा बघताना वाटतं, समोरचा चुकला.

आजारी पडलं तर?

मेडिकेअर आपल्याला लागू नाही, भारताशी तसा करार नाही. वर्षभराचा विमा घेऊनच या. रात्री-बेरात्री दवाखान्यात जावं की नाही कळत नसेल तर १३०० ६० ६० २४वर नर्स फोनवर सांगते, व्हिक्टोरियात ही सोय आहे. जिवावरचं असेल तर ०००. तुमची नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी सोबत आणा.

मराठी माणसं कुठे भेटतात?

महाराष्ट्र मंडळ व्हिक्टोरिया आहे, गणपतीला गेलात तर अर्धी सांगली-सातारा तिथेच सापडते. ज्वारीचं पीठ, कोकम, पापड भारतीय दुकानांत मिळतात, डँडेनाँगच्या लिटल इंडियात तर दुकानांची रांगच आहे. भाजीला क्वीन व्हिक्टोरिया मार्केट बरं, सोमवारी आणि बुधवारी बंद असतं. बाजार उठायच्या वेळी गेलात तर टोमॅटोची टोपली ओरडून ओरडून स्वस्तात विकतात, अगदी शनिवारच्या आपल्या बाजारासारखं.

माझं मत विचाराल तर राहायला दुसऱ्यांत आणि सणाला आपल्यांत. पाच मराठी मुलं एका घरात राहिलेली मी बघितली, वर्षाअखेरीस त्यांना कोथरूडचे सगळे भाव माहीत होते आणि शेजाऱ्याचं नाव माहीत नव्हतं.

दुसरं वर्ष मिळतं का?

मिळतं, पहिल्या वर्षात ठरावीक प्रकारचं काम ठरावीक भागात तीन महिने केलंत तर. मेलबर्नमधल्या कॅफेचं काम त्यात धरत नाहीत, कितीही घाम गाळला तरी. शेती, फळतोडणी, देशाच्या उत्तरेकडची आणि अतिदुर्गम भागातली हॉटेलं वगैरे. कामाला हो म्हणण्याआधी त्या गावाचा पोस्टकोड गृहखात्याच्या यादीत शोधा. व्हिक्टोरियात मिल्ड्युराला द्राक्षं, शेपर्टनला नाशपाती आणि सफरचंदं, दोन्हींचा हंगाम उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपासून पुढे. शेवटचे चार महिने उरल्यावर शोधायला निघालात आणि हंगाम संपलेला असला, तर काही करता येत नाही.

पेटीवर पैसे देत असतील तरी २०२२च्या एप्रिलपासून तासाच्या किमान वेतनाची हमी आहे, तुमचे तास वहीत लिहा. सगळ्या स्लिपा जपा, पुरावा म्हणून त्याच लागतात. द्राक्षांचं काम आपल्या तासगावकडच्या मुलांना नवं नाही, पण तिथे आपण बागाईतदार असतो.

घरी फोन कधी करायचा?

हिवाळ्यात आपण भारताच्या साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेपाच. ऑक्टोबरच्या आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलतं. माझी शिफ्ट तीनला सुटायची, म्हणून आईने सकाळी दहाची वेळ पक्की केली होती: तिची पूजा आटोपलेली, मी ट्रेनमध्ये. एप्रिल उजाडला, मी कामाला लागून दुसरा आठवडा. दहाला आईचा फोन, माझे इथे अडीच, हात कोपरापर्यंत साबणात, खिशात फोन थरथरतोय. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी तिला समजावलं की इथे सरकारने घड्याळ एक तास मागे घेतलंय.

‘सगळ्यांचं?’ तिने विचारलं.

आता ती अकराला करते.